आईसोबत ओमानचा समुद्र: चार सफरी आणि चार गाईड

मस्कतमध्ये, रूवीत राहायला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. भारतातून कुणी आलं की त्यांना मत्राहचा सूक म्हणजे जुना बाजार, ग्रँड मशीद आणि वाडी शाबची दरी दाखवायची हे आमचं ठरलेलं. गेल्या सप्टेंबरात आई आली. दुसऱ्याच दिवशी चहा घेताना म्हणाली, "मला इमारती नकोत. इथल्या समुद्रात काय राहतं ते दाखव." आईने ३१ वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी बाळंतपणाच्या वॉर्डात. तिने एखादी गोष्ट मागितली की मी दुसरा पर्याय शोधत नाही. म्हणून त्या महिन्यात आम्ही दोघी आणि माझा अकरा वर्षांचा लेक, असे तिघं तीन सफरींना गेलो. चौथी जानेवारीत केली, आई परत गेल्यावर. ओळखीतले बरेच जण विचारतात, कुठली सफर घेऊ, पैसे वसूल होतात का, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात डॉल्फिनपासून, कारण मस्कतला आलेला प्रत्येक जण हीच सफर आधी करतो. आमची पहिली फेरी वाईट गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. शुक्रवारी सकाळी आठची बोट, माणशी १५ रियाल, बारा माणसं. मरीनातून निघून अर्ध्या तासात डॉल्फिन दिसले. स्पिनर डॉल्फिन होते, शंभरएक तरी असतील. पाण्यातून उसळी मारून हवेत स्वतःभोवती गिरक्या घेतात ते हेच. बोटीवर सगळ्यांनी एकदम आरडाओरडा केला. आमच्या कॅप्टनने वेग वाढवून बोट सरळ कळपाच्या मधून नेली. पाठोपाठ आणखी पाच बोटी आल्या आणि सहाही बोटी त्या कळपाभोवती घिरट्या घालायला लागल्या. एक मादी पिल्लाला कुशीला लावून पोहत होती. बोट तिच्या बाजूला वळली की ती बुडी मारायची, वर आली की पुन्हा बोट समोर. असं चार वेळा झालं. लेकाने आधी फोन काढला होता, तो त्याने गुपचूप खिशात ठेवला. आई काही बोलली नाही, पण परत येताना तिचा चेहरा उतरला होता. मी उतरल्यावर कॅप्टनला आणि नंतर ऑफिसात फोन करून सांगितलं. "लोकांना जवळून बघायचं असतं," एवढंच उत्तर मिळालं.

तो आठवडा मला चैन पडलं नाही. आईच्या मनात डॉल्फिन म्हणजे तो गोंधळ राहू नये असं वाटत होतं. एका सहकाऱ्याने सिदाब गावच्या एका जुन्या मच्छीमाराचा नंबर दिला, तो आता स्वतःच्या छोट्या बोटीतून लोकांना नेतो. पैसे जवळपास तेवढेच, पण बोटीत आम्ही तिघं आणि एक जर्मन जोडपं, बस. त्याला चांगलं हिंदी येत होतं. निघतानाच त्याने सांगितलं की हे डॉल्फिन रात्री खोल पाण्यात जाऊन पोट भरतात आणि सकाळी किनाऱ्याजवळ विसाव्याला येतात. मस्कतजवळ समुद्राचा तळ फार लवकर खोल जातो, त्यामुळे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर त्यांची भेट होते. म्हणजे आधीच्या शुक्रवारी आम्ही सहा बोटींनी मिळून झोपायला आलेल्यांना उठवत होतो.

या बाबाने कळप लांबूनच पाहिला, त्यांची दिशा हेरली, बोट त्यांच्या वाटेपासून बऱ्याच अंतरावर बाजूला नेली आणि इंजिन बंद केलं. मग आम्ही बसून राहिलो. दहा मिनिटं नुसतं पाणी बोटीला लागल्याचा आवाज. जर्मन बाईंनी एकदा घड्याळ बघितलं. आणि मग फुस्स, फुस्स असा श्वासाचा आवाज यायला लागला, आधी डावीकडून, मग सगळीकडून. ते स्वतःहून आले होते. बोटीच्या खालून जाताना त्यांच्या पोटाचा फिकट रंग दिसत होता. एकाने थोड्या अंतरावर उडी घेतली आणि लेक मोजायला लागला, एक, दोन, तीन, चार गिरक्या! आई बोटीच्या कडेला हात धरून वाकली होती आणि हळू आवाजात म्हणाली, "श्वास सोडताना वास येतो गं, मासळीचा." इतक्या जवळ आले होते. वीस मिनिटांनी कळप पुढे गेला, त्याने पाठलाग केला नाही. बंदर खैरानच्या खाडीपर्यंत नेलं, खजूर आणि कहवा दिला आणि परत आणलं.

तेव्हापासून मी बोट ठरवताना पहिला प्रश्न विचारते: डॉल्फिन दिसले की इंजिनाचं काय करता? उत्तर लगेच मिळालं तर बुकिंग करते. समोरचा अडखळला तर नाही.

दुसरी सफर दीमानियत बेटांची. मस्कतच्या पश्चिमेला, सीब आणि बरकाच्या समोर समुद्रात नऊ बेटांची ही रांग आहे आणि १९९६ पासून ती राखीव आहे. जायला परवाना लागतो, तो बोटवाले काढतात. १ मे ते ३१ ऑक्टोबर बेटांवर उतरायला बंदी असते, कारण तेव्हा हॉक्सबिल कासवं आणि समुद्रपक्षी तिथे अंडी घालतात. पांढऱ्याशुभ्र वाळूवर बसून फोटो काढायचे असतील तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जा. आम्ही सप्टेंबरात गेलो ते वेगळ्या आशेने: उन्हाळ्याच्या शेवटी त्या पाण्यात व्हेल शार्क येतात.

गाईड मुलगी ओमानीच होती, सागरी जीवशास्त्र शिकलेली. बोट सुटण्यापूर्वी तिने पंधरा मिनिटं नियम समजावले. माशापासून किमान तीन मीटर लांब राहायचं, शेपटीपासून आणखी लांब, हात लावायचा नाही, त्याच्या तोंडापुढे जायचं नाही, फ्लॅश नाही. लेकाने विचारलं, चावतो का? तिने गुडघ्यावर बसून त्याला सांगितलं की हा जगातला सगळ्यात मोठा मासा, पण खातो प्लवंक आणि बारीकसारीक जीव, पाणी गाळून. तिसऱ्या बेटाजवळ तो दिसला. साडेपाच-सहा मीटरचा, म्हणजे अजून लहानच, असं ती म्हणाली. मी पाण्यात डोकं घातलं आणि आधी काहीच दिसलं नाही, पाणी त्या दिवशी जरा गढूळ होतं. मग त्या हिरवट धुक्यातून ठिपके पुढे आले. आधी फक्त ठिपके, पांढरे, ओळीने मांडलेले, आणि मग त्यांच्याभोवती मासा तयार होत गेला. लेकाने पाण्याखाली माझा हात एवढा घट्ट धरला की बोटं दुखली. गाईडने माशाच्या डाव्या कल्ल्यांच्या मागच्या भागाचा फोटो घेतला. तिथल्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी, आणि त्यावरून तो पुन्हा कुठे दिसला तर ओळखता येतो.

आईला पोहता येत नाही. ती लाइफ जॅकेट घालून बोटीतच बसली होती आणि मला सारखं वाईट वाटत होतं की तिला काहीच दिसत नाही. वर आले तर ती उलट मलाच खुणावत होती. बेटाच्या कड्यावर काजळी रंगाचा एक ससाणा बसला होता. सूटी फाल्कन. आम्ही सगळे खाली मासा बघत होतो तेवढ्यात त्याने समुद्रावरून येणारा एक चिमुकला पक्षी हवेतच पकडला आणि कपारीत नेला, तिथून पिल्लांचा आवाज येत होता. गाईडला सांगितलं तेव्हा ती आईशेजारी येऊन बसली. हा ससाणा मुद्दाम उन्हाळ्याच्या अखेरीला घरटं करतो, तिने समजावलं, कारण तेव्हा उत्तरेकडचे लहान पक्षी स्थलांतर करत इथून जातात आणि पिल्लांना भरवायला भरपूर मिळतं. पिल्लं उडाली की ही मंडळी स्वतः मादागास्करला जातात. आईने ते नाव दोनदा म्हणून घेतलं. परत येताना बोटीतल्या बारा जणांना ससाण्याची गोष्ट तीच सांगत होती.

या सफरीत एक गैरसोय सांगायलाच हवी. साधारण ३० रियाल माणशी घेऊनही बऱ्याच छोट्या बोटींवर स्वच्छतागृह नसतं आणि सावलीही जेमतेम. पाच तासांची सफर आहे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर मोठी बोट आहे का, छत आहे का, हे आधी विचारा. बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वी तासभर आधी घ्या.

आता रास अल जिन्झ. खरं तर सगळं लिहायला घेतलं ते याच्यासाठी.

मस्कतपासून सुमारे अडीचशे किलोमीटर, सूर शहर ओलांडून पुढे, अरबी द्वीपकल्पाच्या अगदी पूर्व टोकाजवळ हा किनारा आहे. हिंदी महासागरात हिरवी समुद्री कासवं जिथे मोठ्या संख्येने अंडी घालतात त्यातली ही एक महत्त्वाची जागा. १९९६ मध्ये हा भाग राखीव झाला, २००८ मध्ये इथे अभ्यागत केंद्र आणि राहायची सोय झाली. रात्री एक आणि पहाटे एक अशा गाईडबरोबरच्या फेऱ्या असतात. केंद्राबाहेरच्या माणसाला एकट्याने किनाऱ्यावर जाता येत नाही. चारही सफरींत स्वस्त हीच पडली. आधी बुकिंग करा, जागा मोजक्याच असतात. कासवं वर्षभर येतात, पण मे ते सप्टेंबर जास्त.

फेरीला वेळ होता म्हणून आधी केंद्रातलं छोटं संग्रहालय पाहिलं. तिथे थांबाच. याच किनाऱ्यावर उत्खननात कांस्ययुगातल्या बोटींचे डांबराचे तुकडे सापडले आहेत. बोटीला पाणी लागू नये म्हणून बाहेरून डांबर फासायचे, आणि त्या तुकड्यांवर समुद्रात चिकटलेले शिंपल्यासारखे बार्नेकल अजून आहेत. हडप्पा संस्कृतीतली भांडीही सापडली. म्हणजे चारेक हजार वर्षांपूर्वी आपल्याकडची माणसं आणि माल इथे याच वाळूवर उतरत होता. लेकाने विचारलं, "तेव्हाही कासवं होती?" गाईड म्हणाला, तेव्हा तर नक्कीच होती.

रात्री नऊच्या सुमाराला वीसेक जणांचा आमचा गट निघाला. गाईड सूरचा तरुण मुलगा, आवाज खालचा. त्याने सगळ्यांना फोन बंद करून बॅगेत ठेवायला लावले. रात्री फोटो नाहीत, हा नियम आहे. वाळूतून पाऊण-एक किलोमीटर चालायचं होतं. आईचे गुडघे दुखतात. मी काही बोलायच्या आत त्याने तिला हात दिला, "अम्मा, आराम से," आणि पूर्ण गटाचा वेग आईच्या चालीवर आणला. कुणाची कुरकुर ऐकू आली नाही.

किनाऱ्याआधी त्याने आम्हाला थांबवलं आणि तो एकटा पुढे गेला. आम्ही अंधारात उभे. चंद्र नव्हता. लाटांचा आवाज आणि वर इतके तारे की लेकाला आकाशगंगा ओळखता आली. खूप वेळाने लांबून लाल दिवा दोनदा लुकलुकला, म्हणजे या. वाळूत ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा रुंद माग होता, पाण्यापासून वर चढत गेलेला. त्याने आधी सांगून ठेवलं होतं: कासव पाण्यातून वर येताना किंवा खड्डा खणताना उजेड दिसला, हालचाल जाणवली, तर ती अंडी न घालताच परत जाते. एकदा अंडी घालायला लागली की मग ती थांबत नाही. म्हणून तोपर्यंत वाट बघायची. आणि गेलं की पाठीमागे बसायचं, तोंडासमोर नाही.

आम्ही पाच-पाच जण तिच्या मागे वाळूत बसलो. सव्वा मीटरची तरी असेल. गाईडने हात आडवा धरून त्या लाल उजेडाची फक्त एक चिरी खड्ड्यात सोडली. मागचे दोन पाय खड्ड्याच्या कडेला स्थिर, आणि मधून अंडी पडत होती, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओलसर, चकाकणारी, कधी एक, कधी दोन, कधी तीन एकदम. पडली की आवाज येत नव्हता, वाळू मऊ होती. दर वेळी तिचं सगळं अंग आवळायचं आणि मग एक लांब, घोगरा श्वास बाहेर पडायचा. तो श्वास मी विसरणार नाही. आई गुडघ्यांचं दुखणं विसरून अगदी खाली वाकली होती. मला वाटलं, ती मोजते आहे. गाईड कुजबुजत सांगत होता, एका वेळी शंभरएक अंडी, पंधरा दिवसांनी पुन्हा येईल, एका मोसमात बऱ्याचदा येते. पिल्लू नर की मादी ते वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्याच जास्त.

बाजूने दिसणाऱ्या तिच्या डोळ्यातून पाणी ओघळत होतं, त्याला वाळू चिकटलेली. कुणीतरी म्हणालं, रडते आहे. गाईड म्हणाला, अंगातलं जास्तीचं मीठ डोळ्याजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकते, समुद्रातही टाकतच असते. आई मात्र उठली. अजून आमच्या गटाची वेळ शिल्लक होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चल. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्यांनी फार वेळ थांबू नये." आणि ती लांब जाऊन वाळूत बसली. मी गाईडला हिंदीत सांगितलं आई काय म्हणाली ते. त्याने पुढच्या पाच जणांना तेच अरबीत आणि इंग्रजीत सांगितलं, आणि खरंच लोक लवकर लवकर उठायला लागले.

एकाने मात्र नियम मोडला. मागच्या कुणीतरी फोनचा पांढरा दिवा लावला, क्षणभरच. गाईड आवाज न चढवता त्याच्यापाशी गेला, फोन मागून घेतला आणि फेरी संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवला. मला याच्यासाठी त्या मुलाचं फार कौतुक वाटलं.

आम्ही लांब बसून तिला खड्डा बुजवताना ऐकलं. पुढच्या पायांनी वाळू मागे फेकते, ती आमच्यापर्यंत उडत होती, चेहऱ्यावर बारीक सडा. घरटं नेमकं कुठे ते कळू नये म्हणून ती आजूबाजूचीही वाळू बरीच उपसून ठेवते. कोल्हे अंडी उकरायला टपलेलेच असतात. मग ती वळली. चार पावलं चालायची, थांबायची, श्वास घ्यायची. पाण्याची पहिली लाट अंगावर आल्यावर थोडी हलकी झाल्यासारखी वाटली, आणि तिसऱ्या लाटेत दिसेनाशी झाली.

आम्ही केंद्रातच राहिलो आणि पहाटेच्या फेरीलाही गेलो, तेव्हा फोटोला परवानगी असते. वाळूभर रात्रीचे माग आणि खड्डे. एकच पिल्लू दिसलं, बाकीच्यांच्या मागे राहिलेलं, तळहाताएवढं सुद्धा नाही. वर समुद्रपक्षी घिरट्या घालत होते. सगळ्यांना वाटत होतं की त्याला उचलून पाण्यात सोडावं. गाईडने नाही म्हटलं, पण तो स्वतः आणि आम्ही वीस जण दोन्ही बाजूंनी लांब उभे राहिलो आणि पक्षी खाली उतरले नाहीत. अकरा मिनिटं लागली त्याला, लेकाने मोजली.

चौथी सफर बर अल हिकमानची, तिच्याबद्दल थोडक्यात. जानेवारीत नवरा, लेक आणि मी गेलो, महूतला मुक्काम. मसीराह बेटासमोरचा हा प्रचंड चिखलाळ किनारा, हिवाळ्यात पाचेक लाख पाणथळ पक्षी तिथे उतरतात. स्वतःची गाडी घेऊन जाऊ नका. वरून कोरडी खरबरीत दिसणारी सब्ख्याची, म्हणजे खारवट सपाट जमीन आतून ओली असते आणि चाक आत जातं. आमच्या गाईडने भरतीची वेळ बघून सगळा दिवस आखला होता, कारण ओहोटीला पक्षी किलोमीटरभर लांब पसरतात, आणि पाणी चढायला लागलं की ते स्वतःच तुमच्याकडे सरकत येतात. फिलिम गावाजवळ आम्ही गाडीतच बसलो. फ्लेमिंगो होते, पण मी बघत राहिले ते क्रॅब प्लोव्हर, काळेपांढरे, जाड काळ्या चोचीचे, खेकडा पकडून आपटून खाणारे. हे पक्षी वाळूत बोगदा खणून आत घरटं करतात आणि ऊब देण्याचं बरंचसं काम तापलेली वाळूच करते. गाईडने दुर्बीण चांगली दिली. जेवण साधं होतं. वारा फार, मुलांना कानटोपी न्या.

जाताना रस्त्यात त्याच गाईडने लुबानची गोष्ट सांगितली. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर इथेच राहतात, हजारो वर्षं इतरांपासून वेगळे पडलेले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभरच्याही आत असावी असा अंदाज आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात २४२ मारले होते. आता उरलेल्यांपैकी एका मादीला २०१७ मध्ये उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं, नाव दिलं लुबान, आपल्या लोबानचाच अरबी शब्द. डिसेंबरात ती सरळ अरबी समुद्र ओलांडून गोव्याजवळ पोचली आणि तिथून दक्षिणेकडे गेली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे ती पण माहेरी-सासरी करते."

येत्या फेब्रुवारीत दक्षिणेला मिर्बातहून हल्लानियत बेटांकडे जाणारी बोट ठरवते आहे. फोनवर इंजिनाचा प्रश्न विचारला. बोटवाल्याने सांगितलं, फवारा दिसला की लांबच इंजिन बंद करतो, तिथून पुढे देवमासा येईल तेवढंच. मग स्वतःहून म्हणाला की तीन दिवसांत एकही दिसला नाही तरी पैसे परत मिळणार नाहीत, आधीच सांगतो. मी चार जागा धरल्या आणि आईचं विमानाचं तिकीट काढलं.